करमाडला काय बंद पडले होते

सुधाकर खरात या बेसगिटार वादकाविषयी आमच्या शहरात एक गोष्ट सांगितली जाते. करमाडच्या एका लग्नात त्यांचा आवाज मशीनवरून बंद केलेला होता, ते संध्याकाळभर तसेच वाजवत राहिले आणि मांडवातल्या एकाही माणसाला ते कळले नाही. गोष्ट सांगणारा शेवटी डोळे मिचकावतो आणि म्हणतो, "बेस म्हणजे असंच असतं राव!" ऐकणारे हसतात. ही गोष्ट मी केशकर्तनालयात ऐकली, बँकेच्या रांगेत ऐकली आणि माझ्याच भाच्याच्या तोंडून, मी त्याच्यासमोर बसलेलो असताना ऐकली. यांपैकी एकही जण त्या दिवशी करमाडला नव्हता. मी होतो. मेघरंग वाद्यवृंदाचा निवेदक या नात्याने मी खरातभाऊंपासून चार हातांवर उभा होतो. माझे कान तेव्हा उत्तम होते आणि घरातली मंडळी काहीही म्हणोत, आजही ते कामापुरते शाबूत आहेत.

तेव्हा जे घडले ते एकदा नीट सांगणे भाग आहे. पण गोष्ट चुकीची सांगणाऱ्यांनी माणूसही चुकीचाच उभा केला असल्यामुळे सुरुवात माणसापासून करतो.

खरातभाऊ विनम्र होते, असे हल्ली बोलले जाते. हे साफ खोटे आहे. मागे उभ्या राहणाऱ्या माणसाला लोक विनम्र समजतात, एवढेच त्याचे कारण. मूर्ती ठेंगणी आणि रुंद, केस कोळशासारखे काळे केलेले, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री, आणि गिटार त्यांच्या उंचीच्या मानाने इतकी लांब की दुरून पाहणाऱ्याला ते वल्हे घेऊन उभे आहेत असे वाटावे. चारच तारा पाहून एखादा पाहुणा सहानुभूतीने विचारी, "दोन तुटल्या का हो?" त्यावर खरातभाऊ त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणत, "त्या दोन ज्यांचं चारमधी भागत नाय त्यांच्यासाठी असतात." विनम्र माणूस असे बोलत नाही.

आपला आवाज कमी पडतो, या विषयावर त्यांचे आयुष्यभर जगाशी भांडण होते. पहिले कडवे संपले की त्यांचा उजवा हात क्षणभर तारांवरून नाहीसा होई आणि मागच्या मशीनचे बटण किंचित सरके. दुसऱ्या कडव्यानंतर आणखी किंचित. कार्यक्रम संपेपर्यंत गायिकेच्या हातातला पाण्याचा पेला थरथरू लागलेला असे. ध्वनिव्यवस्थापकाने एकदा ते बटण चिकटपट्टीने जागच्या जागी बांधून टाकले. कार्यक्रमानंतर पाहतो तो चिकटपट्टी जशीच्या तशी आणि आवाज दुप्पट. खरातभाऊंना विचारले तर म्हणाले, "मी हात नाय लावला. गारवा पडला की मशीन खुलतं."

त्यांच्या शिक्षणाविषयीही अशाच कंड्या आहेत. मुंबईच्या कुणा मोठ्या वादकाकडे त्यांनी चोरून शिकवणी घेतली, असे सांगणारे भेटतात. खरातभाऊ मुंबईला गेले ते एकदाच, मेहुणीच्या लग्नाला, आणि तिथल्या बँडबाजाला नावे ठेवत परत आले. त्यांचे वडील शहागंजात एका पिठाच्या गिरणीवर कामाला होते. लहानपणी हा मुलगा पिठाच्या पोत्यांवर झोपत असे आणि गिरणीचा पट्टा फिरू लागला की त्याची जी घरघर छातीत शिरे, तो त्याचा पहिला सूर. पुढे चुलत्याच्या भीमगीतांच्या पार्टीत तो ढोलकीशेजारी बसू लागला. चार तारांची गिटार पहिल्यांदा हातात घेतली ती छावणीतल्या चर्चमध्ये. तिथले वाजवणारे वृद्ध गृहस्थ आजारी पडले आणि रविवारची प्रार्थना तर व्हायचीच होती. आणि उरुसात खुलताबादला कव्वालांच्या मागे बसून ते जे शिकले त्याविषयी ते स्वतःच सांगत, "गिरणीनं मला चालायला शिकवलं, सर. थांबायला कव्वालांनी शिकवलं."

खुलताबादचा तो एक प्रसंगही सांगायला हवा. खरातभाऊंनी कुठूनसे पायाने दाबायचे एक यंत्र आणले होते. ते दाबले की बेसचा सूर आणखी खोल जाऊन घुमू लागे. मैफल रंगात आलेली, बुजुर्ग कव्वालांनी डोळे मिटून हात वर केलेला, आणि नेमके तेव्हाच खरातभाऊंनी यंत्र दाबले. कव्वालसाहेबांनी एक डोळा उघडला.

"खरात साब, ये नीचे कौन रो रा?"

"नवीन मशीन आहे, उस्ताद."

"उसकू चुप कराव. हम अब्बी जिंदा हैं."

यंत्र त्या दिवसापासून पेटीत गेले. लोक म्हणतात की ते खरातभाऊंनी रागाने डोंगरावरून फेकून दिले. त्यांनी घेतलेली वस्तू कधीही फेकली नाही. पुढे त्यांच्या घरी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ते लावलेले मी स्वतः पाहिले आहे.

वाजवताना ते अनवाणी असत. श्रद्धेमुळे, असे एका वर्तमानपत्राने छापले होते. मी संपादकांना पत्र लिहिले, ते छापले नाही. खरे कारण निराळे होते. रंगमंच लाकडी फळ्यांचा असे आणि खरातभाऊ आपला आवाज तळपायांनी ऐकत. "कानाला सगळ्यांचंच ऐकू येतं," ते म्हणत, "माझं मला पायाला कळलं पाहिजे." ही रीत एकदाच त्यांना गोत्यात घेऊन गेली. एका शाळेच्या मैदानावर सिमेंटचा ओटाच रंगमंच म्हणून वापरायचा होता. सिमेंटमधून पायांना काही कळेना. खरातभाऊंना वाटले, मशीन मेले. त्यांनी बटण वाढवले, आणखी वाढवले, आणि तिकडे पंगतीच्या टेबलावर रचलेल्या स्टीलच्या ताटांची चळत हळूहळू टेबलाच्या कडेकडे चालू लागली. सगळी ताटे कोसळून जेवणाचा चुथडा झाला, हे वर्णन अतिरंजित आहे. आचाऱ्याने धावत जाऊन चळतीला मिठी मारली. पडला तो फक्त पाण्याचा जग.

आता कपाट.

सुरुवातीला खरातभाऊ मांडववाल्याच्या मशीनवर वाजवत, आणि ते मशीन भाषणासाठी जन्मलेले असल्यामुळे बेसचा सूर त्यातून घसा बसलेल्या पुढाऱ्यासारखा निघे. शहागंजात रेडिओ दुरुस्त करणारे रशीदभाई होते. त्यांनी मोठा स्पीकर आणि नवे मशीन जुळवून देण्याचे कबूल केले, पण खोक्याच्या बाबतीत ते अडून बसले. "प्लायवूड का डब्बा नक्को, खरातभाई. टिन के डब्बे के माफिक बजता. पुराना सागवान लाव, अच्छा सूखा हुआ." खरातभाऊंनी घरभर नजर फिरवली. जुने सागवान घरात एकच होते: खरातवहिनींनी माहेराहून आणलेले कपाट.

वहिनी गावाला गेल्या असताना त्यांनी ते कापले आणि वहिनी रुसून वर्षभर परत आल्या नाहीत, असे लोक सांगतात. लोकांनी वहिनींना पाहिलेले नाही. त्यांच्या परवानगीवाचून त्या घरातला खिळाही हलत नसे. कपाट त्यांनी स्वतः दिले, दोन अटींवर: पितळी मूठ आणि कुलपाची पट्टी काढायची नाही आणि पहिल्या कार्यक्रमाला त्यांना पुढच्या रांगेत बसवायचे. तसे बसवले. कार्यक्रम संपल्यावर मी अदबीने विचारले, "वहिनी, कसं वाटलं?"

"चांगलं वाटलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरचं आजवर कुणी एवढ्या मोठ्यानं बोललं नव्हतं. पण ह्यांना इचारा, माझ्या साड्या कुठं ठेवू?"

साड्या अखेरपर्यंत पलंगाखालच्या ट्रंकेत राहिल्या. कपाट मात्र स्पीकर आणि मशीन पोटात घेऊन मराठवाडाभर फिरले. उचलायला चार माणसे लागत. एका नव्या गायिकेने आपला शालू ठेवण्यासाठी त्याची किल्ली मागितली होती.

आणि मग राजाभाऊंनी नवा कीबोर्ड आणला. राजाभाऊ हे वाद्यवृंदाचे मालक. संगीतातले त्यांना टेम्पोत किती सामान मावते एवढे अचूक कळत असे. अविनाश हा आमचा कीबोर्डवादक. नव्या कीबोर्डवर बेस डाव्या हाताने वाजतो, असे त्याने राजाभाऊंना दाखवले. राजाभाऊंच्या डोळ्यांसमोर टेम्पोतली कपाटाची जागा रिकामी झाली. त्यांनी खरातभाऊंना सांगितले, "करमाडचा प्रोग्रॅम झाला की तुम्ही आता आराम करा."

त्या दुपारी खरातभाऊ माझ्या घरी आले. चहा त्यांनी पुढ्यात गार होऊ दिला.

"सर, मला घरी बसता येत नाय."

"तुमच्यासारख्या कलावंताला घरीही साधना करता येईल," मी म्हणालो.

"काय साधना करता! अविनाश घरी एकटा वाजवतो, शेजारी म्हणतात, वा. बासरीवाला एकटा वाजवतो, वा. मी एकटा वाजवला तर शेजारीण भिंतीपलीकडून इचारती, मोटर लावली का हो, पाणी आलं का?" त्यांनी कप बाजूला सारला. "मला पाच माणसं लागतात, सर. त्याबिगर मी वाजतच नाय."

या माणसाच्या तोंडून मी गर्वाचे बोल शेकड्यांनी ऐकले होते. हे वाक्य ऐकून मी त्यांचा गार चहा उचलला आणि पुन्हा गरम करायला आत नेला.

करमाडचे लग्न दादाराव नावाच्या बागायतदाराच्या मुलीचे होते. संध्याकाळी स्वागतसमारंभ, लॉनवर फळ्यांचा ऐसपैस रंगमंच. राजाभाऊंनी कपाट आणण्यास मनाई केली होती. गिटारची वायर थेट ध्वनिव्यवस्थापकाच्या मशीनला जोडायची होती. तरीही खरातभाऊंनी कपाट भाच्याच्या मालरिक्षातून आणलेच आणि रंगमंचाच्या मागच्या कडेला उभे केले. कुणीतरी विचारले तेव्हा सांगितले, "आहेराचं आहे." पितळी मूठ पाहून त्या माणसाचा विश्वास बसला. थोड्याच वेळात वधूपक्षाच्या बायकांनी त्याच्यावर दोन कुकर, एक मिक्सर आणि बेडशीटचा गठ्ठा आणून ठेवला.

खरातभाऊंना जे ठाऊक नव्हते ते असे, की राजाभाऊंनी ध्वनिव्यवस्थापकाच्या कानात सांगून ठेवले होते: खरातांचा आवाज पूर्ण खाली, बेस अविनाशच्या डाव्या हाताकडे. कुणाला काही कळत नाही, हे त्यांना खरातभाऊंच्या देखत सिद्ध करायचे होते. इथपर्यंत प्रचलित गोष्ट खरी आहे. इथून पुढे ती खोटी आहे.

पहिल्याच सुराला खरातभाऊंच्या तळपायांना कळले. त्यांनी खाली पाहिले, मग ध्वनिव्यवस्थापकाकडे पाहिले. तो आकाशातले तारे मोजू लागला. मग त्यांनी राजाभाऊंकडे पाहिले. आणि ते वाजवत राहिले. चेहऱ्यावर मला जे दिसले त्याला लोक शांती म्हणतील. मी त्याला मजा म्हणतो. कारण रंगमंचावर तोवर हळूहळू पळापळ सुरू झाली होती. अविनाशचा उजवा हात गाण्यात होता खरा, पण डावा बेस वाजवायचा सोडून बटणे शोधण्यात गुंतला होता. ड्रमवाल्याला धरायला काही उरले नाही, तो पुढे धावू लागला. त्याच्यामागे गायिका धावू लागली. नाचणारी पोरे गोंधळून खुर्च्यांवर जाऊन बसली.

तिसऱ्या गाण्याला दादाराव रंगमंचाजवळ आले.

"ओ निवेदक साहेब! काय बंद पडलंय का?"

"काही नाही, सर्व सुरळीत आहे," मी म्हणालो. राजाभाऊंनी मला तसे खुणावले होते.

"नाय, नाय. काहीतरी बंद पडलंय. आरं जनरेटर बघा!"

जनरेटर बघितला, चालू होता. पंखे बघितले. आचाऱ्याने शेगड्या बघितल्या. आइस्क्रीमवाल्याकडे दहा माणसे गेली तेव्हा तो शपथेवर सांगू लागला, "भाई, मेरा फ्रीजर चालू है, हात डाल के देखो!" एका आजोबांनी कानातले यंत्र काढून पुसून पुन्हा घातले. सबंध मांडव काहीतरी शोधत होता आणि काय शोधतो आहे ते कुणालाही सांगता येत नव्हते. एकाही माणसाला कळले नाही म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावे: सगळ्यांना कळले होते. नाव ठाऊक नव्हते, इतकेच.

तेवढ्यात वधूच्या आगमनाचे गाणे सुरू झाले. त्या बिचारीने दोन दिवस मैत्रिणींबरोबर त्या गाण्याच्या तालावर चालण्याचा सराव केला होता. ताल धावत होता, म्हणून तीही धावू लागली. जड शालू, हातात फुले, मागे करवल्यांची फरफट.

"आरं, माझी पोरगी पळती का काय!" दादाराव ओरडले. "थांबवा की कुणीतरी!"

खरातभाऊंच्या चेहऱ्यावरची मजा तिथे संपली. त्यांनी गिटारची वायर उपटली, अनवाणीच मागे गेले, कपाटावरचा बेडशीटचा गठ्ठा बाजूला केला, कपाटाची पिन विजेच्या बोर्डात खुपसली आणि गिटारची वायर त्याला जोडली. कुकर खाली घ्यायला वेळ नव्हता. पहिला सूर निघाला तसे दोन्ही कुकरांची झाकणे खडखडली. दुसऱ्या सुराला ड्रमवाल्याने दचकून मान वळवली. तिसऱ्याला तो आवरला, गायिका आवरली, आणि लॉनच्या मध्यावर ती मुलगी सावकाश चालू लागली. पोरे खुर्च्यांवरून उठली.

"हां!" दादाराव म्हणाले. "झालं बघा चालू. काय होतं रे?"

जनरेटरवाला पुढे झाला. तो संध्याकाळभर नुसता उभा होता. "वायर हलली होती, दादा. मी बसवली."

दादारावांनी त्याला तिथल्या तिथे टोपी-टॉवेलाचा आहेर करून सत्कार केला. टाळ्यांची विनंती निवेदक म्हणून मलाच करावी लागली. खरातभाऊंनी वाजवता वाजवता मान हलवून त्या टाळ्यांना दाद दिली.

राजाभाऊ खरातभाऊंच्या पाया पडले, असे त्यांचे चाहते सांगतात. त्यांच्या बाजूने असले तरी तेही खोटेच. सामान भरताना राजाभाऊ कुणाकडेही न पाहता म्हणाले, "उद्या जालन्याला जायचंय. टेम्पोत कपाटाला जागा ठेवतो."

"आन् मला?"

"तुम्ही कपाटाला धरून बसा."

त्यानंतर वाद्यवृंद होता तोवर ते होते. पुढे लग्ने डीजेवाल्यांकडे गेली आणि आम्ही घरी बसलो ते सगळे एकदमच.

अलीकडे शहरात ज्येष्ठ वादकांचा एक सत्कार झाला. खरातभाऊ, अविनाश आणि थकलेले राजाभाऊ व्यासपीठावर होते, मी पहिल्या रांगेत. अविनाश आता मोठा शिक्षक आहे. भाषणात त्याने तीच गोष्ट सांगितली: आवाज बंद, संध्याकाळभर वाजवणे, कुणाला कळले नाही. सभागृह हसले. सर्वांत मोठ्याने खरातभाऊ हसले. मी उठून उभा राहिलो. खरातभाऊंनी व्यासपीठावरून तळहात खाली दाबून मला बसण्याची खूण केली, आणि आयुष्यात मी प्रथमच कुणाच्या सांगण्यावरून बसलो.

बाहेर भर दुपारी त्यांना गाठले. "तुम्ही हसलात! तिथे सत्य सांगायला हवे होते."

"सांगून काय करता, सर? खऱ्या गोष्टीत मी जिंकतो. राजाभाऊ वाईट, अविनाश वाईट, मी एकटा चांगला." त्यांनी शाल खांद्यावर नीट केली. "खोट्या गोष्टीत बघा, सगळे स्टेजवर हायेत. राजाभाऊ, अविनाश, तुम्ही. कुणी कुणाला खाली उतरवलेलं नाय."

हे मला मान्य नव्हते. आजही नाही, म्हणून तर हे लिहिले.

त्यांनी रिक्षा थांबवली. आमच्याकडच्या पोरांच्या रिक्षा असतात तशीच ती होती, मागच्या सीटखाली मोठे स्पीकर बसवलेले, सगळा सांगाडा हादरत होता. शाल-श्रीफळ घेतलेला म्हातारा बसतो आहे हे पाहून चालकाने अदबीने बटणाकडे हात नेला.

"बंद करूं क्या, चाचा?"

खरातभाऊंनी पुढे वाकून त्याचे मनगट धरले. "उसकू हात नक्को लगाव."

मग ते मागे रेलून बसले आणि रिक्षा निघाली. गाण्याचे शब्द पहिल्याच झाडापाशी विरले, चाल सिग्नलपाशी. रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी खालचे धडधडणे मात्र येतच होते, आणि ते थांबेपर्यंत मी फुटपाथवर उभा होतो.